ओवाळणीचं ताट जरा लांब ठेवा!

सायकलला हल्ली पुन्हा मान आला आहे, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. एके काळी ही मास्तर, पोस्टमन आणि दूधवाले यांची सवारी. आता डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब पहाटे पाचला हेल्मेट चढवून बाहेर पडतात. मग एखादा क्लब किंवा मंडळ शर्यत भरवतं. पन्नास किलोमीटर, शंभर किलोमीटर. दोनशे-तीनशे लोक नावं देतात. त्यात कॉलेजची पोरं असतात, पन्नाशीचे काका असतात आणि दोन मुलांच्या आयाही असतात, बरं का! ज्या सायकलवर नसतात त्या शेवटच्या रेषेपाशी उभ्या राहतात. आज मला बोलायचंय ते या उभ्या राहणाऱ्यांशी.

शर्यतीत धोका कुठे असतो, असं विचारलं तर तुम्ही म्हणाल, घाटात. आपल्या मनात मुंबई-पुणे शर्यत असते, बोरघाट पहिल्यांदा चढून येणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणतात ते आठवतं. घाटातला धोका खोटा नाही. पण घाटात माणूस सावध असतो. शेवटच्या रेषेपाशी तो दमलेला असतो, मान खाली घातलेली असते, शेजारच्याला मागे टाकायची ईर्षा असते, आणि रेषा दिसली की ‘सुटलो’ असं वाटून लक्ष उडतं. त्यात समोर आपण उभ्या! हार, फुलं, मोबाइल, लहान मुलं, सगळं घेऊन.

गणित हा काही माझा विषय नाही, मी शाळेत मराठी शिकवते. पण एवढा हिशेब घरी सहज होतो. सायकल ताशी 36 किलोमीटरने येत असेल, तर ती एका सेकंदात 10 मीटर जाते. समोर कुणी आलं हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. पुढे ब्रेक लागून थांबेपर्यंत आणखी दहा-एक मीटर, रस्ता ओला असेल तर त्याहून जास्त. म्हणजे वीस मीटर झाले. आपल्या सोसायटीच्या फाटकापासून जिन्यापर्यंतचं अंतर डोळ्यांसमोर आणा. आणि मागून आणखी दहा जण तेवढ्याच वेगाने येत असतात, ते वेगळंच.

फ्रान्समध्ये ‘टूर द फ्रान्स’ नावाची जगातली सर्वांत मोठी सायकल शर्यत होते. 1994 साली तिचा पहिला टप्पा आर्मांतिएर या गावी संपत होता. शेवटच्या सरळ रस्त्यावर बॅरिकेडच्या आतल्या बाजूला बंदोबस्ताचा एक पोलीस उभा होता. खेळाडू जवळ आले तेव्हा तो फोटो काढण्यात दंग होता. विल्फ्रिड नेलिसेन हा बेल्जियमचा खेळाडू मान खाली घालून सगळी ताकद लावत होता. तो सरळ त्या पोलिसावर आदळला. त्याच्याबरोबर लोराँ जालाबेर हा फ्रान्सचा नावाजलेला खेळाडू कोसळला, त्याच्या तोंडाला जबर मार बसला, दात तुटले. पोलीसही जखमी झाला. लोकांना मागे सारण्याचं ज्याचं काम, त्याचाच फोटोच्या नादात तोल गेला, तर आपल्यासारख्यांचं काय?

आता आमच्याच भागातली गोष्ट सांगते. नावं मुद्दाम घेत नाही. मागच्या थंडीत इथे शर्यत झाली. रेषेवर मोठी कमान, कमानीखाली रांगोळी, त्यावर झेंडूच्या पाकळ्या, दोन्ही बाजूंना रिबीन धरलेली दोन मुलं, आणि रेषेपासून जेमतेम वीस पावलांवर पाहुण्यांचा मांडव. बायकांना सांगितलेलं, की तुम्ही ओवाळायला पुढे या. पहिले आठ-दहा जण नीट आले. मग एक घोळका आला. त्यात आमच्या ओळखीच्या एका बाईंचा मुलगा होता. तो दिसल्याबरोबर त्या ताट घेऊन दोन पावलं पुढे आल्या, फक्त दोनच. आईला वाचवायला त्याने ब्रेक दाबला, चाक रांगोळीवर घसरलं आणि मागचा त्याच्यावर चढला. मुलाचं गळपट्टीचं हाड मोडलं, मागच्याचं मनगट. त्या बाई पुढे कितीतरी दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. लोक त्यांनाच बोल लावत होते, याचा मला फार राग येतो. त्यांना तिथे उभं कुणी केलं होतं?

रांगोळीची भुकटी नि फुलांच्या पाकळ्या म्हणजे सायकलच्या अरुंद चाकाखाली तेल सांडल्यासारखंच. आणि रिबीन पळणाऱ्याच्या छातीला लागून तुटते, ती शोभून दिसते. सायकलवाल्याच्या हँडलमध्ये ती अडकते.

मोठ्या शर्यतींचे याबाबतीत कडक नियम आहेत. सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम असा, की रेषेच्या आधी किमान 300 मीटर आणि नंतर किमान 100 मीटर दोन्ही बाजूंना बॅरिकेड हवेत. आत फक्त खेळाडू, संयोजक, वैद्यकीय मदतनीस वगैरे नेमकी माणसं. त्यातले ‘नंतरचे 100’ मला महत्त्वाचे वाटतात. रेषेनंतर रस्ता मोकळा असेल तर माणूस हळूहळू वेग कमी करतो. तिथेच खुर्च्या मांडल्या तर त्याने जायचं कुठे? बॅरिकेडसुद्धा कसेही चालत नाहीत. 1991 साली पॅरिसमध्ये टूरच्या अगदी शेवटच्या दिवशी अब्दुजापारोव्ह हा खेळाडू कडेच्या कुंपणाला आणि जाहिरातीच्या फुगीर डब्याला अडकून हवेत उडाला होता. बॅरिकेडचे पाय रस्त्यात आलेले नसावेत आणि ते एकमेकांना घट्ट अडकवलेले असावेत, एवढं तर आपल्याकडच्या मांडववाल्यालाही जमेल. 2020 साली पोलंडमध्ये कातोवित्से शहरात शेवट उतारावर ठेवला होता, वेग ताशी 80 किलोमीटरच्या आसपास गेला. एका खेळाडूने दुसऱ्याची वाट अडवली, फाबियो याकोब्सन कडेला फेकला गेला, बॅरिकेड उधळले, आणि तो मरणाच्या दारातून परत आला. वाट अडवणाऱ्यावर नऊ महिने बंदी आली. पण शेवट उतारावर ठेवायचं ठरवलं होतं ते कागदावर नकाशा काढणाऱ्यांनी. शेवट सपाटीवर किंवा किंचित चढावर हवा, आणि लगेच आधी वळण नको.

तुम्ही म्हणाल, हे सगळे पट्टीचे खेळाडू, आपली हौशी माणसं एवढ्या जोरात थोडीच येतात! खरं आहे. पण हौशी शर्यतीत वेगळाच घोळ होतो. ताशी चाळीसने येणारा आणि ताशी पंधराने येणारा एकाच वेळी रेषेवर येतात. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला 1978 पासून सायकल शर्यत भरते. आता ती 109 किलोमीटरची असते आणि हजारो हौशी माणसं त्यात येतात. तिथे सगळ्यांना एकदम सोडत नाहीत. जुन्या वेळा बघून गट पाडतात आणि थोड्या थोड्या अंतराने एकेक गट सोडतात. त्यामुळे शेवटी गर्दी आपोआप पांगते. पंगतीत आपण तेच करतो, नाही का? आणि हल्ली नंबराबरोबर चिप देतात, प्रत्येकाची वेळ तीच मोजते. तेव्हा शेवटी धक्काबुक्की करून काही हाती लागत नाही, हे आपल्या माणसाला आदल्या रात्री जेवताना सांगून ठेवा. दोन्ही हात हँडलवर ठेव, नजर पुढे ठेव, सरळ रेषेत ये, आणि ओलांडल्याबरोबर थांबू नकोस, असंही सांगा. हात वर करून फोटो घ्यायची हौस असते पोरांना. ती उतरल्यावर भागवता येते.

आता आपलं. भेटायची जागा आदल्या दिवशीच ठरवा, आणि ती रेषेपासून दीडशे-दोनशे पावलांवर असू द्या. शाळेचं मैदान, देवळाचा पार, काहीही चालेल. ओवाळायचं ते तिथे. शर्यत बघायची असेल तर सरळ रस्त्यावर, बॅरिकेडच्या मागे उभ्या राहा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीच नको, वेगात आलेली सायकल तिकडेच फेकली जाते. पदर, ओढणी, पर्सचा पट्टा बॅरिकेडवरून बाहेर लोंबू देऊ नका, वाऱ्याने उडालेला पदर हँडलमध्ये जायला वेळ लागत नाही. मुलांना बॅरिकेडवर चढवू नका. आणि मोबाइलमधून बघताना सायकल आहे त्याहून लांब वाटते, हेही ध्यानात ठेवा. 2021 साली फ्रान्समध्ये एका बाईंनी आजी-आजोबांसाठी लिहिलेला पुठ्ठा टीव्हीवर दिसावा म्हणून रस्त्यात धरला, खेळाडूंकडे पाठ करून. ते रेषेवर नव्हतं, वाटेत होतं, पण कितीतरी जण एकमेकांवर पडले. त्यांना 1200 युरो दंड झाला.

आपलं माणूस आलं, की त्याला लगेच खुर्चीत बसवायची घाई करू नका. पाय फिरत असताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की रक्त पायातच राहतं आणि घेरी येते. थोडं चालवा. घेरी आलीच तर सावलीत आडवं करून पाय उंच ठेवा. पाणी घोटाघोटाने द्या. साधं पाणी एकदम लिटरभर ढोसणं बरं नाही, त्याने रक्तातलं मीठ कमी पडू शकतं. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबाचं सरबत नेलंत तर उत्तम. आणि पडून डोक्याला किंवा मानेला लागलं असेल तर ओढून उठवू नका, हेल्मेट काढू नका, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. 108 ला फोन करा. पडल्यानंतर तो ‘मी बरा आहे’ म्हणाला तरी त्याला गाडी चालवत घरी आणू नका. उलट्या झाल्या, गुंगी आली, तेच तेच विचारू लागला, तर तडक दवाखाना गाठा.

यंदाच्या शर्यतीसाठी संयोजक महिला मंडळाकडे आले, पोहे आणि ओवाळणी दोन्ही आमच्याकडे. आम्ही पोह्यांना हो म्हटलं आणि बाकीचं विचारायला बसलो. मांडव कुठे घालणार? रेषेनंतर रस्ता किती मोकळा ठेवणार? रुग्णवाहिका कोणत्या वाटेने बाहेर पडणार? एक जण म्हणाले, “वहिनी, रेषेपासून लांब ओवाळलं तर फोटोत कमान येत नाही.” बऱ्याच बोलाचालीनंतर मांडव शाळेच्या मैदानात गेला, रांगोळीही तिकडेच. रिबिनीचं मात्र अजून अडलंय, कारण पाहुण्यांना ती हवी आहे म्हणे. रविवारी पुन्हा बैठक आहे.