किगालीचा करार आणि पेकहॅमचं मत

५ डिसेंबर २०२३ रोजी ब्रिटनचे गृहमंत्री जेम्स क्लेव्हर्ली रवांडाच्या राजधानीत, किगालीत, एका करारावर सही करत होते. छोट्या बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्या आश्रयार्थींना थेट रवांडाला रवाना करायचं, अशी त्यांच्या सरकारची योजना होती. तीनच आठवड्यांपूर्वी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली होती आणि ती कशीबशी वाचवण्यासाठी हा नवा करार होता. क्लेव्हर्ली यांची आई सिएरा लिओनहून ब्रिटनला आलेली. तिने तिथे सुईण म्हणून नोकरी केली.

त्यांच्या आधीच्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन. त्यांचे वडील मूळच्या गोव्याच्या फर्नांडिस कुटुंबातले, १९६८ मध्ये केनियातून आलेले. रवांडाच्या विमानाने उड्डाण केल्याची बातमी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बघायची आहे, ते आपलं स्वप्न आहे, असं त्या जाहीरपणे म्हणाल्या होत्या. एप्रिल २०२२ मध्ये योजना मांडली गेली तेव्हा गृहखातं होतं प्रीती पटेल यांच्याकडे. त्यांचं गुजराती कुटुंब युगांडातून आलेलं. आणि क्लेव्हर्लींना किगालीला धाडणारे पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या वडिलांचा जन्म केनियातला, आईचा टांगानिकातला. आश्रयार्थींना आफ्रिकेत पाठवण्याची योजना राबवणाऱ्या या चौघांच्याही घरातल्या मागच्या पिढीने आफ्रिकेतूनच ब्रिटनची वाट धरली होती.

योजनेचं पुढे काय झालं, ते थोडक्यात सांगता येईल. २०२४ च्या जुलैमध्ये सत्तेवर येताच मजूर पक्षाने ती रद्द केली. तोवर ७० कोटी पौंड खर्ची पडले होते आणि रवांडाला गेले होते चारजण, तेही राजीखुशीने, असा हिशेब नव्या गृहमंत्र्यांनी संसदेत दिला.

ही नुसती गंमत म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. आपला माणूस वर गेला की आपलं काम होतं, ही समजूत जगभर आहे. ब्रिटनमधल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी गेल्या चाळीस वर्षांत आपली माणसं बरीच वर पाठवली. कामं किती झाली, हे तपासायला मात्र दुसरीकडे बघावं लागतं.

सुरुवात तशी जुनी आहे, आणि तिचा एक धागा मुंबईचा आहे. बार्बेडोसचा बाप आणि आयरिश आई यांच्या पोटी जन्मलेले जॉन आर्चर १९१३ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागाचे महापौर झाले. पुढे त्याच बॅटरसीतून १९२२ मध्ये मुंबईचे पारशी शापुरजी सकलातवाला संसदेवर निवडून आले, तेव्हा त्यांच्या निवडणुकीची सूत्रं आर्चर यांच्याच हाती होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये मँचेस्टरला पाचवी अखिल-आफ्रिकी परिषद भरली. घानाचे क्वामे एन्क्रुमा, केनियाचे जोमो केन्याटा, मलावीचे हेस्टिंग्ज बांडा, पुढे राष्ट्रप्रमुख झालेले हे तिघेही तिथे हजर होते. त्या काळी ब्रिटनमधल्या आफ्रिकी माणसाचं राजकारण मायदेशाच्या स्वातंत्र्याचं होतं. ब्रिटन हा मुक्काम होता, घर नव्हतं.

घर झालं ते नंतर. ११ जून १९८७ च्या निवडणुकीत मजूर पक्षाचे चार गौरेतर उमेदवार एकदम संसदेत पोहोचले. डायअ‍ॅन अ‍ॅबट यांचे आईवडील जमैकाचे, बर्नी ग्रँट गयानाचे, कीथ वाझ गोव्याच्या घराण्यातले आणि एडनमध्ये जन्मलेले. चौथे पॉल बोटेंग. त्यांचे वडील एन्क्रुमांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. १९६६ च्या लष्करी उठावानंतर ते तुरुंगात गेले आणि शाळकरी पॉल आईबरोबर ब्रिटनला आला. २००२ मध्ये हेच बोटेंग ब्रिटनचे पहिले कृष्णवर्णीय कॅबिनेट मंत्री झाले.

त्यानंतरची यादी लांब आहे. घानाहून आलेल्या आईबापांचे चिरंजीव क्वासी क्वार्टेंग २०२२ मध्ये अर्थमंत्री झाले; त्यांच्या ‘मिनी बजेट’ने बाजार असा काही हादरला की अडतीस दिवसांत त्यांना घरी जावं लागलं. झांबियात जन्मलेले वॉन गेथिंग मार्च २०२४ मध्ये वेल्सचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख झाले, आणि निवडणूक देणगीच्या वादात चार महिन्यांत पायउतार झाले. २ नोव्हेंबर २०२४ रोजी केमी बेडनॉक हुजूर पक्षाच्या नेत्या झाल्या. पक्ष चर्चिल आणि थॅचरबाईंचा, नेत्या योरुबा आईबापांच्या पोटच्या.

बेडनॉक यांची कहाणी जरा थांबून बघण्यासारखी आहे. वडील डॉक्टर, आई शरीरक्रियाशास्त्राची प्राध्यापक. जानेवारी १९८० मध्ये लेकीचा जन्म लंडनच्या विम्बल्डनमध्ये झाला, बालपण लागोसला गेलं आणि सोळाव्या वर्षी ती लंडनला परतली. परतता आलं, कारण जन्मानेच ती ब्रिटिश होती. ब्रिटनच्या भूमीवर जन्मलेल्या मुलाला आपोआप नागरिकत्व देणारा नियम १ जानेवारी १९८३ पासून बंद झाला. तीन वर्षं उशिरा जन्म झाला असता, तर त्या सोळा वर्षांच्या मुलीलाही व्हिसा काढूनच यावं लागलं असतं. आज कायमच्या वास्तव्याच्या अटी कडक करा, अशी मागणी त्या हिरिरीने करतात. २०२५ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी आपण स्वतःला आता नायजेरियन मानत नाही, असंही सांगून टाकलं. त्याआधी नायजेरियाविषयीच्या त्यांच्या वक्तव्यांवर तिथल्या उपराष्ट्राध्यक्षांनी चिडून सुनावलं होतं, की हवं तर बाईंनी ‘केमी’ हे नावसुद्धा टाकून द्यावं.

त्यांना घरभेदी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते अपुरं आहे. डॉक्टर, वकील, अर्थतज्ज्ञ, पदच्युत मंत्री अशा घरांतली मुलं शिकूनसवरून राजकारणात येतात आणि रोजच्या जगण्यात त्यांची गाठ गृहखात्याशी पडत नाही. शिवाय बेडनॉक यांचा मतदारसंघ एसेक्सच्या सुखवस्तू, बहुतांशी गोऱ्या गावांचा. त्यांना निवडून यायला आफ्रिकी मतांची गरज नाही.

ती मतं आहेत दक्षिण लंडनच्या पेकहॅमसारख्या भागांत. पेकहॅमच्या राय लेनवर भाजीची मोठी केळी, यामचे जाडजूड कंद, सुकी मासळी, झगमगीत छापील कापडांचे ठाण आणि वेण्या घालून देणारी सलून्स ओळीने लागतात. इथून २०२४ मध्ये निवडून आलेल्या मियाटा फाहनबुल्ले यांचा जन्म लायबेरियातला. त्या लहानपणी कुटुंबासह ब्रिटनच्या आश्रयाला आल्या होत्या. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला कृष्णवर्णीय आफ्रिकी म्हणवणारे सुमारे १५ लाख होते, दहा वर्षांपूर्वी ते १० लाखांच्या आत होते. कॅरिबियन वंशाचे सव्वासहा लाखांच्या घरात. तरी ‘ब्लॅक ब्रिटन’ म्हटलं की कॅरिबियन माणसांना घेऊन आलेलं १९४८ चं विंडरश जहाज आणि जमैकाच डोळ्यांपुढे येतात.

या पंधरा लाखांपैकी बरेचजण रविवारी चर्चमध्ये भेटतात, हे राजकारण्यांनी केव्हाच हेरलं आहे. नायजेरियात मुख्यालय असलेल्या ‘रिडीम्ड ख्रिश्चन चर्च ऑफ गॉड’च्या लंडनमधल्या मेळाव्याला २०१५ च्या निवडणुकीच्या तोंडावर तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून जातीने हजर होते. याच चर्चच्या उत्तर लंडनमधल्या ‘जीझस हाउस’ला मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते कीर स्टार्मर यांनी २०२१ च्या ईस्टरला भेट दिली, आणि तिथल्या पाद्रींची समलैंगिकतेविषयीची मतं लोकांनी दाखवून देताच माफी मागितली. मजूर पक्षाची अडचण इथे उघडी पडते. कुटुंब, धर्म, शाळेची शिस्त या बाबतीत अनेक आफ्रिकी घरं चांगली सनातनी आहेत, पण मत मात्र बहुधा मजूर पक्षालाच देत आली आहेत. गृहीत धरलेल्या मताची किंमत काय असते, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको.

चर्चच्या पुढच्या रांगेत डॉक्टर असतात, मागच्या रांगांत वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या बाया. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनने या कामासाठी व्हिसाचं दार उघडलं आणि भारत, नायजेरिया, झिम्बाब्वे, घाना इथून माणसं निघाली. काहींनी दलालांना हजारो पौंड मोजले. कामाचं स्वरूप असं: एका घरी पंधरा मिनिटं, दुसऱ्या घरी अर्धा तास, अंघोळ घाला, गोळ्या द्या, पुढची बस पकडा. पुष्कळदा त्या बसमधल्या वेळेचा पगार नाही. व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला. मालकाचा परवाना रद्द झाला तर साठ दिवसांत नवा मालक शोधा, नाहीतर परत जा. मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या बायांना नवरा-मुलं सोबत आणायला बंदी झाली. जुलै २०२५ मध्ये परदेशातून भरतीच थांबली. पहिली बंदी हुजूर पक्षाची, दुसरी मजूर पक्षाची.

आता भांडण आहे वर्षांचं. पाच वर्षं काम केलं की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येत असे. एप्रिल २०२५ मध्ये त्याची फी माणशी ३,०२९ पौंड झाली, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला जवळपास १४ लाख रुपये. मे २०२५ मध्ये सरकारने पाचाची दहा वर्षं करण्याचा मनोदय जाहीर केला. तो जाहीर करताना आपला देश ‘अनोळखी माणसांचं बेट’ होईल, अशी भीती तेव्हाचे पंतप्रधान स्टार्मर यांनी बोलून दाखवली. पुढे त्या शब्दांबद्दल त्यांना खेद व्यक्त करावा लागला. सप्टेंबरमध्ये नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाने कायमच्या वास्तव्याची सोयच मोडीत काढू, असं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये मजूर सरकारचा नवा प्रस्ताव आला: शुश्रूषा करणाऱ्यांसाठी पंधरा वर्षं, तेही आधीच आलेल्यांना धरून. २०२२ मध्ये झिम्बाब्वेतल्या हरारेहून आलेली बाई २०२७ ची वाट पाहत होती. प्रस्ताव जसाच्या तसा लागू झाला, तर तिला थांबावं लागेल २०३७ पर्यंत.

या बाईच्या हातात एक गोष्ट मात्र आजच आहे. राष्ट्रकुल देशांतून कायदेशीर मार्गाने येऊन राहणाऱ्या माणसाला ब्रिटनमध्ये नागरिकत्वाशिवाय मत देता येतं, थेट संसदेच्या निवडणुकीतही. झिम्बाब्वेने २००३ मध्ये राष्ट्रकुल सोडलं तरी तिथल्या नागरिकांचा हा हक्क शाबूत राहिला. भारतीयांनाही तो आहे; लंडनमधल्या किती मराठी आयटीवाल्यांना तो ठाऊक आहे, कोण जाणे. वर्षानुवर्षं कर भरणाऱ्या फ्रेंच किंवा जर्मन माणसाला संसदेसाठी मत नाही, तसंच सोमालिया आणि काँगोतून आलेल्यांनाही नागरिकत्व मिळेपर्यंत नाही. लोकांची नावं मतदारयादीत घालण्यासाठी १९९६ पासून ‘ऑपरेशन ब्लॅक व्होट’ ही संस्था खटपट करते आहे. पुढची सार्वत्रिक निवडणूक ऑगस्ट २०२९ पर्यंत व्हायची आहे. हरारेच्या त्या बाईला कायमचं राहता येईल की नाही हे ज्या संसदेत ठरणार, तिथला खासदार निवडताना तिचं मत मोजलं जाईल. फक्त तिने यादीत नाव घातलेलं हवं, आणि मतदानाच्या दिवशी दोन घरांच्या मध्ये तिला तेवढी सवड मिळायला हवी.