ताटवाटी वेगळी केली, तपासणी राहिली

घरात कुणाला फुप्फुसाचा टीबी निघाला की सर्वांत आधी त्याची ताटवाटी वेगळी होते. मग टॉवेल, अंथरूण आणि बाई आजारी असेल तर कधी थेट माहेरी रवानगी. भीती वाटणं स्वाभाविक आहे, पण तिच्यापायी भलत्याच गोष्टींची काळजी घेतली जाते. टीबी भांड्यांतून, कपड्यांतून पसरत नाही. रुग्ण खोकतो, बोलतो तेव्हा उडालेले अतिसूक्ष्म कण कोंदट खोलीच्या हवेत तासन्‌तास राहतात आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या छातीत जातात. त्यातच निदान होईपर्यंत रुग्ण कित्येक आठवडे खोकत असतो, म्हणजे घरच्यांचा संपर्क बहुधा आधीच होऊन गेलेला असतो. १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या टीबी केंद्राने काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये, तर काहींना दाटीवाटीच्या घरांतच ठेवून औषधं दिली. पुढे पाच वर्षं नातेवाइकांवर लक्ष ठेवलं, तरी घरी राहिलेल्यांमुळे आजार जास्त पसरल्याचं दिसलं नाही. नियमित औषधं आणि उघड्या खिडक्या वेगळ्या ताटापेक्षा कितीतरी जास्त कामाच्या आहेत.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडतो. आशाताई दारात येऊन खोकला, ताप, घटलेलं वजन, रात्रीचा घाम विचारते आणि घरचे म्हणतात, ‘आम्हाला काही नाही.’ पण जंतू शरीरात शिरणं वेगळं आणि आजार होणं वेगळं. लागण झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी टीबी होतो, त्यातही पहिल्या दोन वर्षांत धोका सर्वाधिक. पाच वर्षांखालची मुलं आणि एचआयव्हीबाधित यांना तो आणखी जास्त. बीसीजी घेतली म्हणून मोठ्यांनी निर्धास्त राहू नये. ती लस तान्ह्यांना मेंदूच्या टीबीपासून जपते, प्रौढांच्या फुप्फुसांची खात्री देत नाही. म्हणून घरातल्या प्रत्येकाची तपासणी हवी, गरजेप्रमाणे एक्स-रे हवा आणि आजार नसल्यास प्रतिबंधक उपचार हवेत. सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा आठवड्यातून एकदा अशा बारा मात्रांचा दोन औषधांचा कोर्स. २०२१ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सर्व वयाच्या घरच्यांसाठी याची तरतूद आहे आणि औषध मोफत मिळतं.

धडधाकट माणसाने औषध का घ्यावं, त्याने जंतू निगरगट्ट होणार नाहीत का, हा आक्षेप रास्त आहे. आजार उघड असताना एकटं आयसोनियाझिड दिलं तर तसं होतं, कारण तेव्हा जंतूंची संख्या प्रचंड असते. म्हणूनच आधी आजार नसल्याची खात्री करतात. सुप्त लागणीत जंतू मोजके असतात. यकृताला त्रास होऊ शकतो, हेही खरं. उलट्या, गडद लघवी, पिवळे डोळे दिसताच औषध थांबवून डॉक्टरांकडे जावं आणि कोर्स चालू असेतो दारू टाळावी. औषधाइतकंच जेवणही मोलाचं आहे. झारखंडमधल्या ‘रेशन्स’ अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा दिल्यावर त्यांच्यातला टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. तपासणीला जाताना मूळ रुग्णाचे रिपोर्ट बरोबर न्यावेत. त्याचा टीबी नेहमीच्या औषधांना दाद देत नसेल, तर घरच्यांसाठीचं औषधही बदलावं लागतं.