तरंगमबाडी : दगड गावात, दप्तर परगावी

राजधान्यांचा इतिहास लिहावयास इतिहासकार आपण होऊन येतात. लहान गावाचे भाग्य तसे नसते. तेथे राजा राहिलेला नसतो, गाजलेली लढाई झालेली नसते. आणि जे काही घडलेले असते त्याची नोंद बहुधा परक्या माणसाने, आपल्या कामापुरती, आपल्या भाषेत करून ठेवलेली असते. अशा गावाचा इतिहास राखावयाचा म्हणजे नेमके काय राखावयाचे? तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, कारैकालच्या थोडे उत्तरेस वसलेल्या तरंगमबाडी या गावाला हा प्रश्न पडलेला आहे.

१६२० साली डेन्मार्कच्या व्यापारी कंपनीच्या वतीने ओव्हे गेड्डे या दर्यावर्दी अधिकाऱ्याने तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार केला आणि या किनाऱ्यावर डान्सबोर्ग नावाचा किल्ला उभा राहिला. पुढे तंजावरात नायकांची सत्ता जाऊन भोसल्यांची आली; तरी डेन लोकांची वखार चालूच राहिली, आणि तिची खंडणी तंजावर दरबारी जात राहिली. मधली काही वर्षे इंग्रजांच्या ताब्यातील सोडली, तर सव्वादोनशे वर्षे येथे डेन्मार्कचे निशाण फडकत होते. १८४५ साली डेन्मार्कने हे ठाणे आणि बंगालमधील श्रीरामपूर, दोन्ही इंग्रजांस विकून टाकली.

त्यानंतर व्यापार नागपट्टणमकडे वळला आणि तरंगमबाडी मागे पडली. परंतु या पडत्या काळाने गावावर एक उपकारही केला. जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसाच येथे कोणाजवळ उरला नाही. त्यामुळे १७९२ साली बांधलेली वेस, सरळ आखलेले रस्ते, १७१८ सालचे न्यू जेरुसलेम चर्च आणि जाड भिंतींची घरे बऱ्याच अंशी जागच्या जागी राहिली. भरभराट जे पुसून टाकते, ते येथे दारिद्र्याने सांभाळले.

मात्र दगड राहिले तरी दप्तर राहिले नाही. रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या राजास सोन्याच्या पत्र्यावर लिहून पाठविलेले पत्र कोपनहेगनच्या अभिलेखागारात आहे. १७०६ साली येथे उतरलेल्या झिगेनबाल्ग आणि प्लूचाव या धर्मोपदेशकांचे कागद जर्मनीतील हाले या शहरी गेले. झिगेनबाल्गने गावातल्या तमिळ शिक्षकांकडून भाषा शिकून घेतली, ताडपत्रांवरील ग्रंथ जमविले, १७०८ साली त्यांची यादी तयार केली, आणि १७१५ पर्यंत बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापून पुरा केला. १७१२ नंतरच्या दोन वर्षांत या धर्मोपदेशकांनी तमिळ गृहस्थांना त्यांचा धर्म, आचार, औषधोपचार, लग्नकार्ये यांविषयी पत्रे लिहून प्रश्न विचारले. त्यांस आलेली उत्तरे जर्मन भाषांतराच्या रूपाने हाले येथे छापली गेली. त्या काळच्या या किनाऱ्यावरील सामान्य तमिळ माणूस काय मानीत होता, हे त्याच्याच तोंडून ऐकण्याची दुर्मीळ संधी त्यांत आहे. पण ते ऐकावयाचे तर परकी भाषा यावयास हवी! ज्यांच्या पूर्वजांची ती उत्तरे, त्यांनाच ती वाचता येत नाहीत.

राहिले दगड, त्यांचाही वैरी समोरच उभा आहे. समुद्रकाठचे मासिलामणी नाथर मंदिर चौदाव्या शतकाच्या आरंभीचे. त्याचा पूर्वेकडील भाग लाटांनी खाऊन टाकला. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली आणि किनाऱ्यावरील कोळ्यांच्या वस्तीत शेकडो माणसे प्राणास मुकली. पुढील वर्षांत गावाकडे देशाचे आणि डेन्मार्कचेही लक्ष वळले, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीस वेग आला. हे काम दिसते तितके सोपे नाही. जुन्या भिंती विटांच्या आणि चुन्याच्या. चुना ओल बाहेर जाऊ देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, खाऱ्या हवेतील मीठ विटेत साचून त्याचे स्फटिक होतात आणि वीट आतून फुटते. म्हणून जुनी भिंत वाचवावयाची तर आधी चुना मळणारा जुना हात शोधावा लागतो. वस्तू राखावयाची म्हणजे तिच्यामागची विद्याही राखावी लागते.

तथापि भिंती सावरल्या म्हणजे इतिहास सावरला, असे होत नाही. किल्ल्यात राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे; २०१७ साली झिगेनबाल्गच्या नावाचे दुसरे संग्रहालय निघाले. पाहुण्यास तेथे पुष्कळ शिकावयास मिळते. परंतु डेन लोक या गावी नेहमीच मूठभर होते. त्यांच्या भोवती विणकर होते, सोनार होते, नावाडी आणि कोळी होते, दुभाषे होते. जहाजापर्यंत गाठोडी पोहोचविणाऱ्या माणसाचे नाव वखारीच्या वहीत क्वचितच असते. त्याचा माग काढावयाचा तर कोळीवाड्यातील म्हातारीला विचारले पाहिजे, गल्लीची नावे आणि देवळातील उत्सवाचे मान टिपून घेतले पाहिजेत, समुद्र पूर्वी कोठवर होता हे तिच्या बोटाने दाखवून घेतले पाहिजे. आणि कोपनहेगन व हाले येथील कागदांच्या नकला, तमिळ भाषांतरासह, गावच्या शाळेत आल्या पाहिजेत. मूळ कागद परत यावा की नाही, हा वाद मोठ्यांनी करावा. मजकूर परत येण्यास त्या वादाचा निकाल लागावयास नको.

या गोष्टीचे मर्म मराठी माणसास तंजावरातच कळेल. तेथील बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. दगड अभंग आहे, अक्षरे स्वच्छ आहेत; तो लेख कोठे परदेशीही गेलेला नाही. पण त्यासमोरून जाणाऱ्या बहुतेकांना ती भाषाच येत नाही. तरंगमबाडीचा कागद दूर गेला, तंजावरच्या लेखाचा वाचक दूर राहिला. दोन्हीकडे परिणाम एकच. इतिहास टिकण्यास दगड लागतो, कागद लागतो हे खरे. पण तो जिवंत राहण्यास शेवटी त्याच गावात, त्याच भाषेत तो वाचून दाखविणारे एखादे माणूस लागते.