ज्येष्ठ डॉक्टरांचा बर्नआउट

स्वरूप
कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने निर्माण होणारी अवस्था म्हणजे बर्नआउट. शक्ती सरल्याची भावना, कामाविषयी दुरावा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही जाणीव, अशी तिची तीन लक्षणे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये नोंदवली. मात्र तिला आजार न मानता कामाशी निगडित बाब मानले. हा भेद किरकोळ नाही. उपाय व्यक्तीत शोधायचा की व्यवस्थेत, हे त्यावरच ठरते.

मोजमाप
बर्नआउट मोजण्याच्या कोपनहेगन प्रश्नावलीत १९ प्रश्न आहेत. सकाळी नुसत्या कामाच्या विचारानेच गळून जायला होते का, हा त्यांतला एक. व्यक्तिगत, कामाचा आणि रुग्णसंबंधित असा बर्नआउट त्यातून वेगवेगळा मोजला जातो.

न्यूझीलंडमधील चित्र
न्यूझीलंडच्या सार्वजनिक रुग्णालयांतील ज्येष्ठ डॉक्टर व दंतवैद्यांच्या, याच प्रश्नावलीने केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. १,४८७ जणांपैकी सुमारे ५० टक्क्यांत व्यक्तिगत, ४२ टक्क्यांत कामाचा, तर केवळ १६ टक्क्यांत रुग्णसंबंधित बर्नआउट आढळला. शेवटचा आकडा सर्वांत बोलका आहे. डॉक्टरांना रुग्णांचा कंटाळा आला होता, असे त्यातून दिसत नाही. स्त्रिया, सलग १४ तासांहून अधिक काम करणारे, तसेच आपत्कालीन विभाग व मानसोपचारातील तज्ज्ञ यांच्यात प्रमाण अधिक होते.

ज्येष्ठतेचा भार
ऑन-कॉल, म्हणजे गरज पडल्यास बोलावला जाणारा, ज्येष्ठ तज्ज्ञ रात्री घरी असला तरी मोकळा नसतो. दोन वाजता कनिष्ठ डॉक्टरचा फोन येतो: रुग्णाचा रक्तदाब उतरतो आहे, शस्त्रक्रिया आत्ताच करायची का? फोनवर निभावले तरी झोप मोडतेच, आणि सकाळची ओपीडी ठरल्या वेळीच भरते. त्यात एक पद रिकामे राहिले की ऑन-कॉलच्या पाळ्या उरलेल्यांत वाटल्या जातात. दमलेला आणखी एक जण नोकरी सोडतो आणि चक्र घट्ट होते.

मर्यादा
न्यूझीलंडच्या पाहणीला सुमारे ४० टक्के डॉक्टर व दंतवैद्यांनीच प्रतिसाद दिला, आणि एकाच वेळच्या उत्तरांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

उपाय
न्यूझीलंडमधील ज्येष्ठ डॉक्टरांच्या सामूहिक करारात अध्यापन, अभ्यास व गुणवत्ता-तपासणीसाठी कामाचा ३० टक्के वेळ राखण्याची तरतूद आहे. मनुष्यबळ अपुरे असले की पहिली कात्री या वेळालाच लागते. ताण हलका करायला ध्यानवर्ग भरवणे स्वस्त पडते खरे, पण त्याने रिकामे पद भरत नाही.