मंजक्कुडीची शिबिरं

कुंभकोणमजवळ मंजक्कुडी नावाचं गाव आहे. चेन्नईच्या शांती रंगनाथन यांनी पती दारूपायी गमावला आणि 1980 मध्ये व्यसनमुक्ती संस्था उभारली. या संस्थेची पंधरा दिवसांची शिबिरं मंजक्कुडीत भरली. रुग्ण गावातच राहिले, घरच्यांनाही सामील करून घेतलं. मला हीच गोष्ट मोलाची वाटते.

शिबिरानंतर आधार असतो तो दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाचा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेला फी नसते, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा पुरते. पहिल्या दिवशी नुसतं ऐकत बसलं तरी चालतं. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट आहे. मदत कुठे मिळेल हे कळत नसेल तर 14446 हा मोफत सरकारी क्रमांक लावा. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, आधी डॉक्टर गाठावा.