आणखी दोन हात

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी परवा हातातले काम थांबवून विचारले, "बाई, पोट्टीले अंगणवाडीतच ठेवू का कान्व्हेंटात टाकू? कान्व्हेंटवाले पैसे लय घेतात जी. पण अंगणवाडीत ते खिचडीपुरतीच जाते."

आमच्या नागपुरात 'कान्व्हेंट' या शब्दाचा मिशनऱ्यांशी संबंध केव्हाच तुटला आहे. गल्लीतल्या दोन खोल्यांत बालवर्ग भरला आणि पोरांच्या गळ्यात टाय अडकली, की झाले कान्व्हेंट! बाईंची मुलगी साडेतीन वर्षांची. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा अशाच एका कान्व्हेंटात जातो आणि संध्याकाळी एबीसीडीची पाने गिरवताना रोज रडतो, हे मी भिंतीपलीकडून ऐकत असते. त्यामुळे चटकन उत्तर देववेना. "बघून सांगते," म्हटले आणि दुसऱ्या दिवशी खरेच तिच्या वस्तीतली अंगणवाडी बघायला गेले.

एक खोली, बाहेर पत्र्याची पडवी, भिंतीवर फळांचे तक्ते. वीस-बावीस मुले. सेविकाताईंनी मुलांना गोल बसवून पुढे चिंचोके ओतले होते. पाच-पाचचे ढीग करायचे, मग कुणाचा ढीग मोठा ते सांगायचे. मुले रंगली होती. तेवढ्यात एक गरोदर बाई वजन करून घ्यायला आली. ती गेली, तर पर्यवेक्षिकांचा फोन आला. कुठलीशी माहिती आजच हवी होती. मग मोबाइलमध्ये हजेरी भरणे. मदतनीस आत खिचडीपाशी. एकाने चिंचोका नाकात घातला, तो काढण्यात थोडा वेळ गेला. मी दोन तास बसले होते. त्यात चिंचोक्यांचा खेळ चालला मोजून अकरा मिनिटे. निघताना ताई म्हणाल्या, "तुम्हीच सांगा ताई, शिकवू केव्हा?"

हा प्रश्न वाटतो तितका घरगुती नाही. जगातल्या मोठमोठ्या अभ्यासकांनी गेल्या काही वर्षांत नेमका याच प्रश्नाचा पाठपुरावा केला आहे.

अंगणवाडीचे बीज मुळात आपल्या महाराष्ट्रातले. काही वर्षे अमरावतीत संसार केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, कारण घरची गुरे आणि पाठची भावंडे त्यांच्याच गळ्यात. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पाने हीच तिथली साधने. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोचली. पण वाटेत तिच्या डोक्यावर सहा कामांची गाठोडी आली : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी मुलांना दवाखान्यात धाडणे, आयांना आरोग्याची माहिती देणे आणि पूर्वशालेय शिक्षण. यातले शिक्षण बहुधा शेवटी उरते, कारण न शिकवल्याची तक्रार करायला साडेतीन वर्षांचे मूल कुणाकडे जाणार?

यावर तामिळनाडूत एक सुरेख प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांचे सहकारी या अर्थतज्ज्ञांनी राज्य सरकारच्या साथीने ६४० अंगणवाड्या निवडल्या. त्यांतल्या काहींना, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने, एक जादा अर्धवेळ बाई दिली. तिचे काम फक्त मुलांना शिकवणे. बाकी इमारत तीच, खाऊही तोच. अठरा महिन्यांनी पाहिले, तर शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला होता आणि भाषेत व गणितात ती मुले स्पष्टपणे पुढे गेली होती. याहून लक्षणीय गोष्ट अशी, की कुपोषण आणि वयाच्या मानाने उंची कमी राहण्याचे प्रमाणही तिथे घटले. कारण साधे होते. जुन्या सेविकेला आता पोषण-आरोग्याच्या कामाला सवड मिळाली होती. या जादा बाईवर होणाऱ्या खर्चापेक्षा तिच्यामुळे होणारा फायदा कितीतरी पटींनी जास्त, असा हिशेबही अभ्यासकांनी मांडला.

अशा शिक्षणाचा परिणाम टिकतो का, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर जमैकातून आले. १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधली, वाढ खुंटलेली १२९ लहानगी निवडली गेली. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे आठवड्यातून एकदा तासभर जात आणि टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे आईला दाखवत. काही मुलांना नुसता पूरक आहार मिळाला. सुमारे वीस वर्षांनी त्यांना पुन्हा गाठले, तेव्हा खेळ मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली. नुसत्या आहाराचा असा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ खिचडी नको असा मुळीच नव्हे. उपाशी मूल शिकणार कसे? पण खिचडीवर थांबून भागत नाही, एवढे खरे.

आणि यासाठी जमैकापर्यंत जायलाच हवे असेही नाही. आमच्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले : वजन करणे, ऊब देणे, बाळ जन्मतः श्वास घेत नसेल तर तो सुरू करणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे. डॉ. अभय बंग नागपूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. या ३९ गावांमधील नवजात बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पण आशा कार्यकर्तीने बाळंतिणीच्या घरी सहा-सात वेळा जाऊन बाळ तपासायचे, हे देशाचे धोरण व्हायला २०११ उजाडले. मधल्या बारा वर्षांत ज्यांच्या दारापर्यंत ही ताई पोचली नाही, त्या बाळांचा हिशेब कुठल्या वहीत मांडायचा?

तीन ठिकाणचे अभ्यास, तीन निरनिराळे विषय; पण सांगणे एकच. महागडे यंत्र नाही, इमारत नाही. प्रशिक्षण मिळालेली एक बाई आणि तिच्यापाशी पुरेसा वेळ. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वयाच्या मुलांना शिक्षणाच्या मुख्य चौकटीत घेतले, हे उत्तमच झाले. पण तिथे शिकवणार त्याच ताई, ज्यांना आजही पगार नाही, 'मानधन' मिळते. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरातल्या सेविका आणि मदतनीस बेमुदत संपावर गेल्या, तेव्हा आपल्यापैकी किती घरांत त्याची चर्चा झाली? आपली मुले त्या खोलीत बसत नाहीत, हेच त्याचे कारण.

एवढे सगळे वाचून-पाहून मी बाईंना सांगितले, "अंगणवाडीतच राहू दे. टाय बांधून एबीसीडी गिरवण्यापेक्षा चिंचोके बरे. मात्र रोज ताईंना विचार, आज काय शिकवलं म्हणून. चार आया विचारू लागल्या तर फरक पडेल. आणि घरी तू तिच्याशी खेळ, बोल, गोष्टी सांग."

बाईंनी ऐकून घेतले. मग नळ सुरू करत म्हणाल्या, "बराबर हाय जी तुमचं. पण चार घरचं उरकून रात्री घरी जातो, तवा पोट्टी झोपून रायते. खेळू केव्हा?"

केव्हा? अंगणवाडीतल्या ताईंनी विचारला तोच प्रश्न. फरक इतकाच, की या बाईंचा संध्याकाळचा वेळ सरकारने नव्हे, आमच्या घराने घेतला होता.

त्या दिवसापासून रात्रीची भांडी आम्ही घरीच घासतो; पैसे तेवढेच देतो. याने एका मुलीला रोजचा पाऊण तास मिळाला, यापलीकडे काही साधले नाही, हे मला कळते. वस्तीतल्या त्या खोलीत बाकीची वीस-एकवीस मुले आहेत. त्यांना आणखी दोन हात हवे आहेत, आणि ते द्यायचे तर अंदाजपत्रकात त्यासाठी एक ओळ लागेल. अंदाजपत्रकातली ओळ मात्र कुणी मागितल्याशिवाय येत नाही, आणि ती मागायला आपली मुले त्या खोलीत बसलेली असलीच पाहिजेत असे थोडेच आहे!