बार्बारेस्को: 19 शेतकरी एकत्र आले अन् गावच्या वाइनला नाव मिळालं

इटलीतलं बार्बारेस्को हे हजाराच्या आतल्या वस्तीचं गाव. पण या गावाच्या नावाची लाल वाइन जगभर विकली जाते. भारतात तिची एक बाटली काही हजार रुपयांना पडते. एकेकाळी मात्र इथल्या द्राक्षाला स्वतःचं नावच नव्हतं.

गाव कुठे, द्राक्ष कोणतं?

इटलीच्या वायव्येला पिएमोंते प्रांत आहे. तिथे तानारो नदीकाठच्या टेकड्यांवर हे गाव वसलंय. इथली वाइन फक्त नेब्बिओलो या एकाच जातीच्या काळ्या द्राक्षापासून होते. हे द्राक्ष उशिरा पिकतं, तोडणी साधारण ऑक्टोबरात येते. तेव्हा टेकड्यांवर धुकं असतं. धुक्याला इटालियन भाषेत 'नेब्बिया' म्हणतात, त्यावरूनच हे नाव पडलं असं सांगतात.

आधी माल दुसऱ्याच्या नावावर

पूर्वी इथली द्राक्षं शेजारच्या बारोलो वाइनसाठी विकली जायची. आल्बा शहरातल्या वाइन शाळेचे प्रमुख दोमित्सिओ कावात्सा यांनी 1894 मध्ये नऊ बागायतदारांना एकत्र करून सहकारी वायनरी काढली आणि बार्बारेस्को नावानं वाइन बनू लागली. पण 1920 च्या दशकात फॅसिस्ट राजवटीच्या आर्थिक धोरणामुळे ती बंद पडली.

पुढे 1958 मध्ये गावचे पाद्री फिओरिनो मारेंगो यांनी पुढाकार घेतला. तुकड्या-तुकड्यांच्या शेतीवर एकेकट्याचा निभाव लागणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी 19 छोट्या शेतकऱ्यांची संस्था उभी केली. जागा नव्हती, म्हणून पहिली तीन वर्षं वाइन चर्चच्या तळघरात बनवली. 'प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को' ही ती संस्था आज 50 च्या वर सभासदांची आहे.

दर कसा ठरतो?

सभासदानं आपलं सगळं नेब्बिओलो संस्थेलाच घालायचं, हा नियम. नुसतं वजन बघून पैसे मिळत नाहीत. द्राक्षातली साखर अन् प्रत बघून दर मिळतो. त्यामुळे घड विरळ करून माल कमी, पण चांगला काढण्याकडे कल राहतो.

कायद्याचं कुंपण

आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षाला आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, तसाच हा प्रकार. बार्बारेस्कोला 1966 मध्ये मानांकन आणि 1980 मध्ये सर्वात वरचा दर्जा मिळाला. द्राक्ष बार्बारेस्को, नेइवे, त्रेइसो ही गावं आणि आल्बाच्या हद्दीतला थोडा भाग इथलंच लागतं. हेक्टरी उतारा जास्तीत जास्त 8 टन, म्हणजे एकरी सव्वातीन टनांच्या आसपास. वाइन किमान 26 महिने मुरवावी लागते, त्यातले 9 महिने लाकडी पिंपात. तोवर ती विकता येत नाही. एवढा काळ पैसा अडकवून थांबणं एकट्या छोट्या शेतकऱ्याला जड जातं, संस्थेला ते झेपतं.

बाटलीवर शेतकऱ्याचं नाव

हंगाम चांगला असेल तर संस्था नऊ नावाजलेल्या शिवारांची वाइन वेगवेगळी काढते. त्या बाटलीवर शिवाराचं नाव असतं आणि तिथल्या शेतकऱ्यांची आडनावंही छापतात. हंगाम बेताचा असेल तर सगळा माल एकत्र करून साधी बार्बारेस्को काढतात. चांगल्या नावावर हलका माल खपवायचा नाही, हे पथ्य संस्था पाळते. म्हणूनच नाव टिकलंय, आणि नावाबरोबर दरही.